पखवाजाची कणीक आणि थोरलीचं मीठ

रोज कीर्तनाला बसणारी गाडी गंजली. आणि जिच्या कानावर टाळांचा आवाजसुद्धा कधी धड पडला नव्हता, ती मात्र धडधाकट राहिली.

हे कळलं तेव्हा हिमवाडीत कोणी हसलं नाही, कोणी रडलंही नाही. माघ महिना चालू होता. कार्तिकापासून बर्फ उपसून उपसून माणसं अशी शिणली होती, की आश्चर्य करायलाही कोणाच्या अंगात जोर उरला नव्हता.

हिमवाडी हे नाव तुम्हाला नकाशात सापडणार नाही. हिमालयाच्या एका उंच खोऱ्यात मोठी दुर्बीण उभारायला महाराष्ट्रातली काही कुटुंबं गेली आणि तिथंच रमली. त्यांनी आपल्या वस्तीला ठेवलेलं हे घरगुती नाव. वस्तीत दोन गाड्या होत्या. दोन्ही विजेवर चालणाऱ्या, एकाच कारखान्यात एकाच दिवशी तयार झालेल्या, बारा-बारा माणसं बसतील एवढ्या. एकीचा क्रमांक एकानं कमी, म्हणून ती थोरली. दुसरी धाकटी.

थोरली चालवायची अकरा वर्षांच्या सावनीची आई, मृदुला. धाकटी चालवायचे दोरजेकाका. ते त्याच खोऱ्यातले. मराठी मात्र फर्डी बोलायचे, कारण दहा वर्षं ते कीर्तनाला दाराशी उभे राहत आले होते. "आत बसलो की मला झोप लागते," म्हणायचे. "उभ्यानं ऐकलं की पुण्य सांडत नाही."

कीर्तन करायचे सावनीचे आजोबा, दामोदरबुवा खांबेटे. बुवा होते खरे धातुशास्त्रज्ञ (धातूंचे गुणदोष अभ्यासणारे वैज्ञानिक). दुर्बिणीचा पोलादी घुमट त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. दिवसभर पोलाद आणि संध्याकाळी हरिनाम, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. वस्तीत मोठी जागा म्हणजे गाड्यांची पत्र्याची शेड. बुवांनीच हट्ट करून ती आतून उबदार करून घेतली होती, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि वाद्यांना थंडी बाधू नये. तिथं सतरंज्या पसरायच्या, आई पखवाजावर बसायची आणि कीर्तन रंगायचं. श्रोत्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून थोरली उभी. शेडमध्ये एकाच गाडीपुरती जागा होती आणि मान थोरलीचा. "थोरली आली का हो कीर्तनाला?" असं लोक रोज गमतीनं विचारायचे.

धाकटी बाहेर उघड्यावर, रात्री उणे पंचवीस अंशांत (पाणी गोठतं त्याच्याही पंचवीस अंश खाली). बॅटरी गारठू नये म्हणून तिला विजेची तार जोडून ठेवायची, एवढेच काय ते तिचे लाड.

असं पाच हिवाळे चाललं. मग तो सोमवार आला.

वस्तीत एक यंत्रमानव होता. मानव कसला, दोन फूट लांबीची चपटी, चार पायांची वस्तू. गाड्यांच्या पोटाखाली सरपटत जाऊन तपासणी करायची. शेपटीच्या टोकाला एवढीशी हातोडी. सगळे तिला घोरपड म्हणायचे. थंडीत तिची बॅटरी लवकर उतरायची, म्हणून ती दोन वाक्यांच्या मध्ये बराच वेळ थांबायची. ऐकणाऱ्याला वाटावं, हिलाही थकवा येतो.

घोरपड थोरलीखाली गेली. ठक, ठक, ठक. आणि मग एका जागी भद्द. आईचा हात पखवाजावर घडलेला. तिनं तो आवाज ऐकला मात्र, तिचा चेहराच उतरला.

घोरपड बाहेर आली. "चासी (गाडीचं सगळं ओझं पेलणारा खालचा सांगाडा). डावी बाजू. नवी असताना जाडी तीन मिलिमीटर. चालवायला किमान दोन हवी." थोडा वेळ गेला. "आत्ता आहे एक पूर्णांक एक. थोरली बंद."

"पुन्हा मोज बाई," आई म्हणाली.

"तीनदा मोजली. चौथ्यांदाही मोजेन. पण त्यानं लोखंड वाढत नाही."

मग ती बाहेर धाकटीखाली गेली. ठक, ठक, ठक, ठक. सगळीकडे खणखणीत. "दोन पूर्णांक सहा," ती म्हणाली. "धाकटी चालू."

दोरजेकाकांच्या तोंडून निघून गेलं, "बुवाजी, ही तर देवाचं नाव न ऐकताच तरली!" आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून थोरलीकडे बघत राहिले.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी आजोबांची मूत्रपिंडं (रक्त गाळून त्यातलं नको ते बाहेर टाकणारे अवयव) दमली, आणि मग कामच करेनाशी झाली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना खाली कीसर गावच्या दवाखान्यात न्यावं लागे. चाळीस किलोमीटर घाट. तिथं चार तास यंत्र त्यांचं रक्त शुद्ध करायचं. हिमवाडीला स्वतःचं यंत्र मिळणार होतं, पण खिंड उघडल्यावर, म्हणजे वैशाखात. नवी गाडीही तेव्हाच येऊ शकणार. तोवर आजोबांचा एकेक मंगळवार आणि एकेक शुक्रवार धाकटीच्या त्या दोन पूर्णांक सहावर उभा होता.

"उद्यापासून धाकटी शेडमध्ये," आई म्हणाली. आवाजात नुसता थकवा. "थोरलीला बाहेर ढकलू. आता ही एकच उरली, हिला तरी उबेत जपू."

सगळ्यांनी माना हलवल्या. जपायचं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

त्या संध्याकाळीही कीर्तन झालं. आजोबांचा आवाज मात्र पूर्वरंगातच (कीर्तनाचा पहिला भाग, ज्यात तत्त्व समजावून सांगतात) बसला. उत्तररंगात, म्हणजे त्या तत्त्वावरची गोष्ट सांगताना, ते दोनदा अडखळले. आईनं वाजवता वाजवता त्यांना सावरून घेतलं.

कीर्तन संपलं की सावनीचं एक काम ठरलेलं असे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात. त्यामुळेच त्याला तो खोल घुमारा येतो. वाजवून झालं की ती कणीक खरवडून, पुसून मगच पखवाज ठेवायचा. सावनी हे काम रोज बोथट सुरीनं अगदी मन लावून करायची. पण त्या दिवशी तिनंही दुपारभर पायऱ्यांवरचा बर्फ ओढला होता. बोटं वळत नव्हती. तिनं पखवाजाकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाली, 'आज असाच राहू दे. उद्या काढीन. त्यापेक्षा छान गुंडाळून ठेवते.' तिनं पखवाजाला दुलई लपेटली, शेगडीजवळ ठेवलं आणि घरी जाऊन झोपली.

सकाळी आईनं दुलई उघडली. आंबूस वास आला. कणकेखालचं कातडं, म्हणजे पखवाजाची पुडी, फुगून मऊ पडलं होतं, कडेनं सुटायला लागलं होतं.

"सावनी! कणीक नाही काढलीस?"

"दुलईत ठेवला होता गं. शेगडीजवळ. गार पडू नये म्हणून."

"अगं, तेच तर! नुसती ओली कणीक राहिली असती आणि पखवाज गारठ्यात पडला असता, तरी एक वेळ चाललं असतं. अंगाला घाण तशीच, आणि वरून ऊब! सडणारच ना ती पुडी? जपणं म्हणजे नुसतं पांघरूण घालणं नव्हे, बाळा. आधी पुसायचं असतं." आईला अजून बोलायचं होतं, पण आजोबा दाराशी येऊन थांबले होते. मंगळवार होता. ती त्यांना घेऊन धाकटीतून निघून गेली.

सावनी ओशाळून तिथंच बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसता पुसता तिची नजर थोरलीकडे गेली. थोरलीच्या पोटाखालून काहीतरी टपकत होतं. टप्. बऱ्याच वेळानं पुन्हा टप्.

थोरली सोमवारी सकाळी शेवटची फेरी करून आली होती. तिला आत उभी करून पुरता एक दिवस झाला होता. मग हे पाणी अजून कसलं?

ती पालथी पडून खाली सरकली. चाकांच्या आडोशाला, सांगाड्याच्या कोपऱ्यांत काळपट चिखल बसला होता, ओलाचिंब. तिनं बोट लावलं आणि (हे तुम्ही करू नका हं, रस्त्याच्या पाण्यात काय काय असतं) जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. खारट.

"घोरपडीऽ," तिनं हाक मारली. "हे ओलं का आहे अजून?"

घोरपड सावकाश सरपटत आली. "शेडचं तापमान अधिक बारा. म्हणून वितळलेलं. मीठ हवेतली वाफही ओढून घेतं. म्हणून लवकर वाळत नाही."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"मी जाडी मोजते," घोरपड म्हणाली. "गंजाचं कारण मला कोणी विचारलं नाही."

दुपारी धाकटी परत आली. आजोबांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवावं लागलं. यंत्रावरून आले की ते पिळून काढलेल्या धुण्यासारखे दिसत. तरी सावनीनं त्यांना घरी जाऊ दिलं नाही. "आजोबा, पाचच मिनिटं. नाहीतर आई आज धाकटीला आत घेईल."

तिनं त्यांना शेडमधल्या खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पखवाज. आंबलेली कणीक. थोरलीचं टपकणं. "आणि आजोबा, सकाळी निघण्याआधी मी धाकटीखाली पाहिलं होतं, तार काढायला वाकले तेव्हा. तिच्या पोटाला पण चिखल होता, पण दगडासारखा! पाणी नाहीच. सगळं गोठलेलं."

आजोबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी डोळे मिटले. सावनीला वाटलं, झोप लागली.

"चाळीस वर्षं," ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "चाळीस वर्षं मी गंजावर बोलत आलो, पोरी. आणि माझ्या पाठीमागे, माझ्याच कीर्तनात, माझ्याच शेगडीच्या उबेत, रोज ती गाडी गंजत होती. मला दिसली नाही. मला वाटलं, तिचंही कल्याणच करतोय."

"बाबा, आता घरी चला," आई म्हणाली. "तुम्ही दमलात."

"दमलोय. पण हे सांगून मग दमतो. दोरजे, तूही ये आत. झोप लागली तरी चालेल."

आणि त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली.

"गंज लागायला तिघं लागतात. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू. तिघांतलं एक नसेल तर बैठकच बसत नाही. आता होतं काय, तर लोखंडाचा कण एका जागी आपले इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण) सोडून देतो आणि पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन लोखंडातूनच पळत दुसऱ्या जागी जातात. तिथं पाणी आणि प्राणवायू त्यांना घ्यायला बसलेलेच असतात. ही देवाणघेवाण चालली की त्यातून तांबूस भुकटी तयार होते. तोच गंज."

"मग मीठ कुठं आलं?" सावनीनं विचारलं.

"येतंय. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेले, की पाण्यातूनही कोणीतरी भार वाहून तोल सांभाळावा लागतो. नाहीतर काम अडतं. साध्या पाण्यात असे हमाल फार थोडे. मीठ विरघळलं की त्याचे आयन होतात (विद्युतभार असलेले कण). म्हणजे पाण्यात हमालांची झुंडच्या झुंड उतरली! काम झपाट्यानं सुरू. आणि लबाडी बघ, मीठ स्वतः यात खर्च होत नाही. लोखंड खाऊन झालं तरी ते तिथंच, पुढच्या कणाला तयार."

"थोडक्यात, मीठ म्हणजे लय वाढवणारा पखवाजी," आई हळूच म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या ओठांवर हसू आलं.

"अगदी तसं. मी कितीही दमलेला असलो तरी तू लय वाढवलीस की मला पळावंच लागतं! तर मग सांग, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ का फवारतात?"

"बर्फ वितळायला," दोरजेकाका म्हणाले. "साधं पाणी शून्याला गोठतं. खारं पाणी शून्याच्या पुष्कळ खालीसुद्धा पातळच राहतं. मीठ नसतं तर घाटात माझी गाडी घसरगुंडी झाली असती."

"बरोबर. म्हणजे मीठ आपला जीवही वाचवतं. त्याला शिव्या द्यायचं कारण नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. उणे वीस-एकवीसच्या खाली गेलं की खारं पाणीही गोठतं. आणि गोठलं की?"

सावनी विचार करत थांबली. धाकटीखालचा तो दगडासारखा चिखल तिला आठवला. "हमाल बर्फात अडकले," ती म्हणाली. "हलताच येईना. मग रात्रभर काम बंद!"

"आणि थोरलीकडे?"

"थोरलीकडे शेगडी. सगळं वितळलेलं. रात्रभर काम चालू."

"नुसतं चालू नव्हे. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात. धाकटी दिवसाच काय ती गंजायची. थोरली दिवसा रस्त्यावर आणि रात्री उबेत." आजोबांनी श्वास घेतला. "मला दिवसभर टोचणी लागली होती, दोरजे, तुझ्या कालच्या बोलण्यानं. देवाचं नाव ऐकूनही गाडी गंजली कशी? अरे, देवानंच मिठाला जो नियम घालून दिलाय, तो मीठ पाळणारच. कीर्तनात बसलं म्हणून तो नियम सोडून वागलं असतं, तर ते देवाचं मीठ कसलं?"

दोरजेकाकांनी कान पकडले. "चुकलो, बुवाजी."

"तू नाही रे. मी चुकलो."

सगळं पटण्यासारखं होतं. तरी आई अडून बसली. "बाबा, बोलणं खरं असेल. पण ही शेवटची गाडी आहे. उणे पंचवीसमध्ये उघड्यावर टाकून मला झोप नाही लागायची. तिच्यावर तुमचा—"

"मग डोळ्यांनी बघू," सावनी म्हणाली. "आई, तीनच रात्री दे."

आईनं तीन बोटं वर केली. "तीन. शुक्रवारी संध्याकाळी ठरवू. आणि तोवर मला पटलेलं नाही, हे लक्षात ठेव."

सावनीनं लोखंडी पट्टीचे तीन सारखे तुकडे घेतले. पॉलिशकागदानं घासून आरशासारखे केले. तिन्हींना रस्त्यावरचा खारट चिखल फासला. पहिला तसाच शेडमध्ये, शेगडीजवळ. दुसरा तसाच बाहेर, धाकटी उभी असते तिथल्या दगडावर. तिसरा मात्र तिनं कोमट साध्या पाण्यानं धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

त्या तीन रात्री आईला नीट झोप नव्हती. सावनीनं पाहिलं, ती उठून खिडकीतून धाकटीकडे बघायची आणि पुन्हा पडायची.

शुक्रवारी कीसरहून परत आल्यावर सगळे शेडमध्ये जमले. घोरपडीनं तिन्ही तुकडे पुढ्यात ढकलले.

पहिल्यावर तांबूस-नारिंगी पापुद्रे आले होते. आईनं नखानं खरवडलं तर भुकटी पडली. बाहेरच्या तुकड्यावरचा चिखल धुतला, तर खाली दिवसाच्या उन्हात उमटलेले थोडे डाग, बाकी चकाकी शाबूत. आणि तिसरा, धुतलेला तुकडा शेगडीजवळ राहूनही तसाच, तोंड दिसेल असा.

आईनं तिसरा तुकडा उचलला, त्यात स्वतःचे सुजलेले डोळे पाहिले आणि कनवटीला लावावा तसा खिशात ठेवला.

"म्हणजे ऊब वाईट नाही," ती म्हणाली. "न धुता दिलेली ऊब वाईट."

"आधी पुसायचं असतं," सावनी म्हणाली. "तूच म्हणालीस."

त्याच संध्याकाळपासून नवा नेम सुरू झाला. फेरी संपली की धाकटी शेडमध्ये यायची, पण वस्तीला नव्हे, आंघोळीला. घोरपड खालून दिवा धरायची. आई पाण्याच्या नळीनं पोट धुवायची. नुसतं वरवर नाही, चाकांच्या आडोशाला, सांगाड्याच्या पोकळीत, जिथं जिथं चिखल दडी मारतो तिथं. सांगाड्याच्या तळाला पाणी निथळून जायला बारीक भोकं असतात. थोरलीची ती भोकं चिखलानं बुजलेली निघाली होती! सावनी तारेनं धाकटीची भोकं मोकळी करायची. मग हवेच्या झोतानं सगळं कोरडं. "ब्रेक आधी वाळवा," आई बजावायची, "ओले ठेवले तर सकाळी चाकं गोठून बसतील."

शेवटी लेप. तो सुचला दोरजेकाकांना. त्यांच्या घरी मेंढ्या होत्या. लोकर गरम पाण्यात धुतली की वर पिवळट, चिकट मेण तरंगतं. "मेंढी सगळा हिवाळा बर्फात उभी असते," ते म्हणाले, "कातडीपर्यंत पाणी पोचत नाही तिच्या. हेच लावू या की गाडीला!" आजोबांनी ते बोटांवर घेऊन चोळलं, हुंगलं आणि खूष झाले. लोकरमेण पाणी आणि प्राणवायू दोघांनाही लोखंडापर्यंत पोचू देत नाही, आणि मऊ राहतं, तडकत नाही. "पण स्वच्छ, कोरड्या लोखंडावरच लावायचं," त्यांनी बोट उगारलं. "मिठावर लेप दिला तर मीठ आतच कोंडलं जाईल. मग तो लेप नव्हे, शेगडीजवळची दुलई!"

सावनी लाजली. दोरजेकाका जोरात हसले. माघातलं ते पहिलं खळखळून हसणं असावं.

त्या शुक्रवारी कीर्तन उशिरा सुरू झालं. पखवाजाला जुन्या कातड्याचं ठिगळ लागलं होतं, आवाज जरा घोगरा येत होता. आजोबांनी नमन केलं आणि पूर्वरंगाला स्वतःच जोडलेला अभंग घेतला:

लोखंडाचे अंग । ओलाव्याचा संग ।
मीठ करी भंग । ऊब देता ॥
धुवोनिया अंग । उभी ठेवा गाडी ।
थंडीतच थोडी । सुखे राहे ॥

बायका-पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कीर्तनात गाडी? पण आजोबांनी उत्तररंगाला ज्याची गोष्ट सांगितली, तो कोणी राजा नव्हता. एक म्हातारा होता. पोलादाचा पंडित. त्यानं एका गाडीवर इतकी माया केली, इतकी माया केली, की तिच्या अंगावर काय चिकटलंय हे पाहायचंच राहून गेलं. सगळ्यांना म्हातारा कोण ते कळलं होतं. आजोबा ती चूक हातचं काही न राखता सांगत गेले, आणि मध्येच दम लागला तेव्हा टाळकऱ्यांनी नामगजर (सगळ्यांनी मिळून मोठ्यानं केलेला नामघोष) धरून त्यांना विसावा दिला. तेवढ्यात दारातून दोरजेकाका आत आले. सतरंजीवर बसले. आणि खरोखरच, पाच मिनिटांत त्यांना झोप लागली.

कीर्तन संपल्यावर सावनीनं सुरी घेतली. बोटं दुखत होतीच. तिनं कणकेचा शेवटचा कण निघेपर्यंत पुडी पुसली.

पुढे फाल्गुन गेला, चैत्र गेला. मंगळवार आले, शुक्रवार आले. धुणं, वाळवणं, लेप. कधी कधी इतका कंटाळा यायचा, की सावनी नळी हातात धरून उभ्याउभ्याच पेंगायची. पण एकही फेरी चुकली नाही आणि एकही आंघोळ चुकली नाही.

वैशाखात खिंड उघडली. पहिल्याच मालट्रकमधून रक्तशुद्धीचं यंत्र आलं. त्या दिवशी आजोबा शेवटचे कीसरहून परतले, आणि घोरपड धाकटीखाली शिरली. ठक, ठक, ठक, ठक. ती बाहेर आली आणि तिच्या सवयीप्रमाणे थांबली. जरा जास्तच थांबली.

"बोल की गं!" आई ओरडली.

"दोन पूर्णांक सहा," घोरपड म्हणाली. "तीनदा मोजली."

टाळ्या वाजवायला कोणाच्या हातांत जोर नव्हता. आईनं धाकटीच्या दारावर डोकं टेकवलं आणि तशीच उभी राहिली. आजोबांनी काठी वर करून तिकडे, घाटाच्या तोंडाकडे दाखवली. "तिथं गाड्यांचं न्हाणीघर बांधायचं. चढून आलेली प्रत्येक गाडी आपोआप खालून धुतली जाईल, आणि ते खारट पाणी शेतात न जाता टाकीत साठेल. सावनी, त्याचा नकाशा तू काढायचास."

"मी? मला कुठं येतंय?"

"न येणाऱ्यानंच काढायचा. येणारे आम्ही, आम्हाला पाच वर्षं दिसलं नाही."

आणि थोरली? तिला कोणी भंगारात नेऊ दिलं नाही. तिची चाकं काढली, पोट धुऊन, वाळवून, लोकरमेण लावलं आणि तिला शेडमध्ये आपल्या जुन्या जागी, भिंतीशी, कायमची बसवली. आता तिला ऊब चालते. अंगावर मीठच नाही. संध्याकाळी दोरजेकाका तिच्या पुढच्या आसनावर, पाय पसरून, कीर्तन ऐकतात. झोप लागली, तर शेजारी बसलेली सावनी त्यांना कोपरानं ढोसते.